प्रवास-इंटर्नशिपसाठी अर्ज : व्हिडिओ, लेख आणि अटी यांविषयी काही शंका

मुक्कामपोस्ट :

नमस्कार. प्रवासक्षेत्रात काम करणाऱ्या एका संस्थेने सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज मागवले आहेत. निवड झालेल्या दोघांना संस्था ठरवेल त्या ठिकाणी, त्यात परदेशातील एका ठिकाणीही, पाठवले जाईल आणि तिथून दर आठवड्याला ब्लॉगसाठी दोन लेख व एक व्हिडिओ देणे बंधनकारक असेल. प्रवासखर्च आणि निवास संस्थेकडे आहे. स्टायपेंडचा मात्र जाहिरातीत कुठेही उल्लेख नाही. अर्जासोबत ९० सेकंदांचा व्हिडिओ, प्रत्येकी पाचशे शब्दांपर्यंतचे दोन लेख आणि ‘आम्ही तुम्हालाच का निवडावे?’ या प्रश्नाचे उत्तर मागितले आहे.

मी लिहिते नियमितपणे, पण व्हिडिओचा माझा अनुभव घरच्या समारंभांपुरताच आहे. दूरचे प्रवास फारसे झालेले नाहीत, त्यामुळे दाखवण्याजोगे चित्रीकरण हाताशी नाही. चांगला कॅमेरा नाही, फोन आहे. समाजमाध्यमांवर मला ओळखणाऱ्यांपलीकडे कोणी वाचक नाहीत. शिवाय अटींमध्ये ‘इंटर्नने तयार केलेले सर्व साहित्य संस्थेच्या मालकीचे राहील’ असे एक वाक्य आहे आणि त्याचा आवाका माझ्या नीट लक्षात येत नाही. ज्यांनी असे अर्ज केले आहेत किंवा तपासले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कात्री_आणि_कट :

मी व्हिडिओ-संकलनाचे काम करतो आणि अशा निवडीसाठी आलेले व्हिडिओ चाळण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते, म्हणून फक्त त्याच भागाविषयी लिहितो.

दूरच्या प्रवासाचे चित्रीकरण नसणे ही उणीव मुळीच नाही. तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात याच्याशी निवड करणाऱ्याला फारसे कर्तव्य नसते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या लांबीचा आणि शेवटपर्यंत पाहवेल असा व्हिडिओ तुमच्याकडून हाती पडेल की नाही, हे त्याला पाहायचे असते. समुद्रकिनारा, सूर्यास्त, विमानाच्या खिडकीतले ढग आणि त्यांवर जोरकस संगीत असे व्हिडिओ एकाच बैठकीत इतक्यांदा समोर येतात की त्यांतला कोणता कोणाचा हे नंतर आठवत नाही.

त्यापेक्षा रोजच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जा. आपण नेहमी मधेच उतरतो, त्यामुळे तो थांबा बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. तिथे इंजिन बंद होते, चालक खाली उतरून आरसा पुसतो, मागच्या बाकावर झोपी गेलेल्या एखाद्या प्रवाशाला उठवले जाते आणि थोड्या वेळाने पाटी बदलून तीच बस उलट निघते. ९० सेकंदांना एवढा ऐवज पुरतो, कारण त्याला सुरुवात आणि शेवट आयतेच मिळालेले आहेत. प्रत्येक कृती तीन अंतरांवरून चित्रित करा : सगळी जागा दिसेल असा एक शॉट, माणूस कमरेपासून वर दिसेल असा एक, आणि फक्त हात किंवा वस्तू दिसेल असा एक. आरशावरून फिरणारे फडके आणि त्यामागून हळूहळू स्पष्ट होत जाणारा रस्ता, हा एक शॉट नीट साधला तर निवेदनात दोन वाक्ये कमी लागतात. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरा. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवत राहण्याची सवय असेल तर ती आधी मोडा, कारण फिरता शॉट मधेच कापला की नजरेला खटकतो आणि न कापावा तर वेळ खातो.

निवेदन आधी लिहून काढा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचा. शांतपणे बोलल्यास मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात; म्हणजे ९० सेकंद ठासून भरायचे म्हटले तर पावणेदोनशेच्या वर शब्द बसतील, पण मी तुमच्या जागी असतो तर एकशे तीसच्या आसपास थांबलो असतो आणि उरलेला वेळ त्या जागेच्या स्वतःच्या आवाजाला दिला असता. ‘नमस्कार, माझे नाव अमुक, मला लहानपणापासून प्रवासाची आवड आहे’ ही सुरुवात सर्वस्वी टाळा. नाव अर्जात आहेच, आणि आवड नसती तर अर्ज केलाच नसता.

फोन पुरेसा आहे. खर्च करायचाच असेल तर तो कॅमेऱ्यावर न करता माइकवर करा. चित्र किंचित हलले तर पाहणारा सांभाळून घेतो. शब्द ऐकू आले नाहीत तर तो पुढे निघून जातो. कॉलरला लावायचा छोटा माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर असावा आणि उघड्यावर त्यावर फरचे आवरण असावे, नाहीतर साध्या वाऱ्यानेही आवाजात घरघर येते. प्रत्येक ठिकाणी काहीही न बोलता अर्धा मिनिट तिथला आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवा. संकलनात दोन शॉटमधली फट बुजवण्यासाठी त्याचा फार उपयोग होतो.

आणखी दोन तांत्रिक गोष्टी प्रवासात हमखास आडव्या येतात. पहिली, ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या प्रकाशात चित्र लुकलुकणे. जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे तिथे शटरचा वेग (एका फ्रेमसाठी कॅमेरा प्रकाश घेतो तो वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद आणि जिथे ६० हर्ट्झचा आहे तिथे १/६० किंवा १/१२० सेकंद ठेवल्यास हा दोष बहुतेक वेळा जातो. देश बदलला की हे पुन्हा तपासावे लागते. दुसरी गोष्ट फाइलच्या आकाराची. आयफोनवर एचईव्हीसी या कमी जागेत साठवणाऱ्या पद्धतीने सेकंदाला ३० फ्रेमचे १०८०पी (फुल एचडी) चित्रीकरण मिनिटाला सुमारे ६० मेगाबाइट जागा घेते, तर त्याहून बारीक तपशिलाचे फोर-के चित्रीकरण सुमारे १७० मेगाबाइट. मुक्कामाच्या ठिकाणी अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला, तर एक गिगाबाइटची फाइल चढवायला जवळजवळ अर्धा तास जातो, तोही जोडणी मधे तुटली नाही तर. संस्थेने स्पष्टपणे मागितले नसेल तर फोर-केच्या मागे लागू नका. चित्र आडवे हवे की उभे हे मात्र चित्रीकरणाआधी विचारून घ्या, कारण आडव्या १६:९ मध्ये घेतलेले चित्र नंतर उभ्या ९:१६ मध्ये कापले की कडेची माणसे अर्धी होतात.

समासातली_नोंद :

व्हिडिओविषयी वर सविस्तर आले आहे, म्हणून मी लेखांकडे वळते. काही वर्षे एका मासिकासाठी प्रवासलेखन संपादित केले आहे.

दोन्ही लेख एकाच जातीचे देऊ नका. एक लेख अनुभव सांगणारा असावा आणि दुसरा निखळ उपयोगाचा : त्या ठिकाणी कसे जावे, कोणत्या वारी बंद असते, किती चढायचे आहे, चाकाच्या खुर्चीने कुठपर्यंत जाता येते, परतीची शेवटची गाडी किती वाजता. अर्जदार दुसऱ्या प्रकाराला कमी लेखतात, पण संस्थेच्या ब्लॉगला वाचक मिळतात ते बहुधा अशाच लेखांमुळे, कारण माणसे शोधयंत्रात प्रश्न टाकून येतात. काटेकोर माहिती वाचनीय करून देणारी व्यक्ती संपादकाला लगेच हवीशी वाटते.

अनुभवाच्या लेखात ‘निसर्गरम्य परिसर पाहून मन प्रसन्न झाले’ या वळणाची वाक्ये एकही नकोत. ते वाक्य कोणत्याही ठिकाणाविषयी लिहिता येते, म्हणजे ते कोणत्याच ठिकाणाविषयी नाही. त्याऐवजी ‘दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात शुकशुकाट होता आणि तिथला पहारेकरी खुर्चीवरून न उठता, येणाऱ्या प्रत्येकाला नेमके कुठे उभे राहिले की वारा लागतो ते हाताने दाखवत होता’ असे लिहिले की संग्रहालयही दिसते, उकाडाही कळतो आणि लिहिणारी व्यक्ती तिथे खरोखर उभी होती याची खात्री पटते. पाचशे शब्दांत अशा दोन-तीन जागा पुरेत; त्याहून अधिक झाल्या तर लेख दागिन्यांनी वाकतो.

‘तुम्हालाच का?’ या प्रश्नाविषयी. २००९ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या पर्यटन विभागाने ‘जगातील सर्वोत्तम नोकरी’ अशी जाहिरात दिली होती. हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचे, दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळणार, आणि अर्ज म्हणून केवळ एक मिनिटाचा व्हिडिओ. जगभरातून ३४ हजारांहून अधिक अर्ज आले आणि ब्रिटनच्या बेन साउथॉल यांची निवड झाली. जाहिरातीत माशांना खाऊ घालणे, पोहण्याचा तलाव स्वच्छ करणे अशी गमतीदार कामे दिलेली होती, पण खरे काम होते ते बेटांवर हिंडून ब्लॉग, छायाचित्रे आणि व्हिडिओ नियमितपणे देत राहण्याचे. म्हणजे ती पर्यटनाची जाहिरातमोहीम होती आणि निवडलेली व्यक्ती त्या मोहिमेचा चेहरा. तुमच्या संस्थेची इंटर्नशिप आकाराने कितीही लहान असली तरी तिचा हेतू याहून वेगळा असण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून उत्तरात स्वतःच्या स्वप्नांविषयी एक वाक्य पुरे. बाकीची जागा संस्थेच्या वाचकाला तुमच्याकडून काय मिळेल यासाठी वापरा. त्यांच्या ब्लॉगवरचे गेल्या काही महिन्यांचे लेख वाचा, कोणत्या प्रकारचा वाचक तिथे दुर्लक्षित राहिला आहे ते हेरा (वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणारे, एकट्या फिरणाऱ्या स्त्रिया, पहिल्यांदाच विमानात बसणारे) आणि त्या वाचकासाठी सहा आठवड्यांत कोणते बारा लेख देता येतील याची यादी उत्तराला जोडा. ठिकाणे संस्था ठरवणार असल्याने यादी विषयांची असू द्या. त्यात एखादा आठवडा मुद्दाम हलका ठेवलेला दिसला, तर प्रवासाच्या दिवशी लेखन होत नाही याची जाण असलेली व्यक्ती म्हणून तुमची नोंद होईल.

वाचकसंख्या जेवढी आहे तेवढीच सांगा. विकत घेतलेले फॉलोअर्स ओळखायला कसब लागत नाही. हजारोंचा आकडा आणि खाली दोन प्रतिक्रिया, एवढ्यावरून कळते. लहान, पण वर्षभर खंड न पडलेला ब्लॉग हा अर्जातला भक्कम पुरावा आहे आणि तो तुमच्याकडे आहे असे तुमच्या प्रश्नावरून दिसते.

हिशेबनीस :

मी थोडा विरोधी सूर लावतो. आठवड्याला दोन लेख आणि एक व्हिडिओ म्हणजे सहा आठवड्यांत बारा लेख आणि सहा व्हिडिओ. एका व्हिडिओसाठी चित्रीकरण, संकलन आणि दुरुस्त्या मिळून दोन दिवस सहज जातात, प्रत्येक लेखाला एक दिवस धरा, ठिकाण बदलण्याचे दिवस वेगळे. म्हणजे हे पूर्णवेळ काम आहे, आणि त्या मोबदल्यात प्रवास व निवास तेवढा मिळणार आहे. काम शिकायचे असेल आणि सुट्टी मोकळी असेल तर हा व्यवहार वाईट म्हणता येणार नाही. परंतु जेवणखाण, स्थानिक वाहतूक, इंटरनेट आणि प्रवेशशुल्क कोणाच्या खिशातून जाणार हे आधी विचारा, कारण ‘प्रवासखर्च’ या शब्दात बहुतेक वेळा फक्त जाण्यायेण्याची तिकिटे येतात. काम शिकवणारा कोणी असणार आहे का, हेही विचारा. लेखांवर संपादकीय अभिप्राय मिळणार नसेल, तर तिला इंटर्नशिप का म्हणावे हे मला समजत नाही.

आणि निवडीच्या कोणत्याही टप्प्यावर नोंदणीशुल्क, प्रशिक्षणशुल्क किंवा परत मिळणारी अनामत मागितली गेली, तर तिथेच थांबावे.

दोन्ही_प्रती :

करारांचे मसुदे तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने पुढील मजकूर सल्ला म्हणून न घेता, सही करण्यापूर्वी विचारण्याच्या प्रश्नांची टिपणे म्हणून घ्यावा.

‘सर्व साहित्य संस्थेच्या मालकीचे राहील’ हे वाक्य फार मोकळे आहे. ‘सर्व’ या शब्दात प्रसिद्ध झालेले लेख आणि व्हिडिओ तर येतातच, पण न वापरलेले फुटेज, तुमच्या फोनमधली खासगी छायाचित्रे आणि प्रवासात लिहिलेली रोजनिशीही ओढून आणता येते. त्याऐवजी ‘इंटर्नशिपचे काम म्हणून संस्थेला सुपूर्द केलेले साहित्य’ असे शब्द मागावेत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे हक्क तुमच्याकडे ठेवून संस्थेला वापराचा परवाना देणे, मग तो कायमचा का असेना. मात्र लहान संस्थाही याला सहसा तयार होत नाहीत, तेव्हा निदान दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली म्हणजे तुमचे नाव. लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातील कलम ‘६ बिस’मध्ये लेखकाचा कर्तृत्व सांगण्याचा हक्क आर्थिक हक्कांपासून स्वतंत्र मानलेला आहे, पण प्रत्यक्षात करारात श्रेयाचा उल्लेख असलेला बरा. दुसरी म्हणजे स्वतःच्या पोर्टफोलिओत हे काम दाखवण्याची परवानगी. ती नसेल तर सहा आठवड्यांनंतर पुढच्या अर्जाला जोडायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही, आणि विनामोबदला काम करण्यामागचा तुमचा मुख्य हेतूच तो असणार. तुमचा चेहरा आणि आवाज संस्थेच्या जाहिरातींत किती काळ वापरला जाईल, हेही याच ठिकाणी स्पष्ट करून घ्यावे.

परदेशातील ठिकाणाविषयी : पर्यटक व्हिसावर जाऊन संस्थेसाठी व्हिडिओ तयार करणे हे अनेक देशांत काम समजले जाऊ शकते, मोबदला मिळत नसला तरीही. कोणत्या प्रकारचा व्हिसा काढायचा आणि त्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर संस्थेकडून ईमेलवर घ्या, फोनवर नको. ‘पर्यटक म्हणूनच सांगा’ असे उत्तर मिळाले, तर सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर उभे तुम्हाला राहायचे आहे, संस्थेला नाही, हे लक्षात ठेवावे.

विम्यात आजारपण आणि अपघातासोबत उपकरणांचाही समावेश आहे का ते पाहा. मधेच परतावे लागले तर तिकिटाचा खर्च कोणी सोसायचा, याविषयी बहुतेक करार मौन बाळगतात. तो प्रश्न संकोच न करता विचारावा. फुकट मिळालेल्या निवासाविषयी किंवा सेवेविषयी लिहिताना ती फुकट मिळाल्याचे वाचकाला स्पष्टपणे सांगणे अनेक देशांच्या जाहिरातविषयक नियमांनुसार आवश्यक आहे, तेव्हा ते सांगण्याची मुभा संस्था देते का, हेही त्याच पत्रात विचारून टाका.

मुक्कामपोस्ट :

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेला पोर्टफोलिओ, व्हिसा आणि जेवणखर्चाविषयी ईमेल पाठवले आहे. शेवटच्या थांब्याची कल्पना मला फार आवडली. आमच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर मीही कधी उतरलेले नाही. तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या : चालकाचे किंवा प्रवाशांचे चित्रीकरण करताना परवानगी कशी घ्यावी, पार्श्वसंगीत कुठून घ्यावे, आणि पुढे प्रवासात चित्रीकरण हरवू नये यासाठी काय करतात?

कात्री_आणि_कट :

चालकाशी आधी कॅमेऱ्याशिवाय बोला. तुम्ही कशासाठी चित्रीकरण करत आहात आणि ते कोण पाहणार आहे हे सांगा, मग कॅमेरा सुरू करून तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि त्याचा होकार ध्वनिमुद्रित करा. तो कामावर असेल तर एकट्याचा होकार पुरेसा नसतो. थांब्यावरच्या नियंत्रकालाही विचारावे, म्हणजे नंतर चालकाला त्रास होत नाही. झोपलेल्या प्रवाशाचा चेहरा घेऊ नका. त्याला उठवणारा हात आणि बाकाची पाठ दिसली तरी प्रसंग कळतो. लहान मुले चौकटीत ओळखू येत असतील तर पालकांची परवानगी हवी, ती मिळण्यासारखी नसेल तर शॉट सोडून द्यावा.

संगीताविना व्हिडिओ उभा राहतो का ते आधी पाहा. बसच्या व्हिडिओला मी तरी संगीत लावणार नाही. लावायचेच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे घ्या आणि परवान्याची अट वाचा : ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्यावे लागते, ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, आणि संस्थेच्या प्रसिद्धीसाठीचा वापर व्यावसायिक ठरू शकतो. ‘एनडी’ असलेले संगीत तर व्हिडिओखाली लावताच येत नाही, कारण चित्राशी जुळवलेले संगीत हे रूपांतर मानले जाते.

प्रवासात रोज रात्री तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तुमच्या सामानापासून दूर असावी. इंटरनेट मंद असेल तर ही तिसरी प्रत सोबतच्या इंटर्नच्या बॅगेत ठेवलेल्या कार्डावर असली तरी चालते. तुम्ही दोघे जाणार आहात, त्याचा हा एक फायदा. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची होते, त्यामुळे ती या मर्यादेत बसते.

व्हिडिओला सबटायटल जोडा, कारण पहिली चाळणी बऱ्याचदा आवाज बंद ठेवूनच होते. दुवा पाठवताना तो ‘प्रायव्हेट’ न ठेवता ‘अनलिस्टेड’ (दुवा असलेल्या कोणालाही उघडता येईल असा) ठेवा आणि लॉगिन नसलेल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये स्वतः उघडून पाहा. न उघडणाऱ्या दुव्याबद्दल अर्जदाराला पुन्हा विचारण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.